मैल म्हणजे नेमका किती आणि हा शब्द आला कुठून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिशमधला माईल, आपला मैल. आपल्याकडे मोजायला किलोमीटर येऊन साठेक वर्षं झाली तरी हा शब्द काही गेला नाही, बोलण्यात आहे, पेपरात आहे, गावाच्या पत्त्यात आहे, अमेरिकेतल्या नातेवाईकांच्या फोनवर तर रोजच आहे. त्याच्याबद्दल तेच तेच प्रश्न सारखे विचारले जातात म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहिलीत. काही उत्तरं लांब झालीत कारण गोष्टच तेवढी मोठी आहे.

एक मैल म्हणजे किती किलोमीटर? सरळ सांगा.

१.६०९३४४ किलोमीटर, म्हणजे १६०९ मीटर आणि वर थोडं. फुटात ५२८०, यार्डात १७६०. हा रस्त्यावरचा मैल. समुद्रावरचा वेगळा आहे, तो खाली येतो.

हा शब्द मूळचा इंग्लिश आहे का?

नाही, लॅटिन. रोमन लोक लांबचं अंतर सांगताना 'मिल्ले पास्सूस' म्हणायचे, म्हणजे हजार पावलं. एकापेक्षा जास्त असले की 'मिलिया पास्सुउम', आणि रोज रोज कोण एवढं लांबलचक बोलणार, म्हणून पुढचं 'पावलं' गळून गेलं आणि नुसतं 'मिलिया' राहिलं. उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांनी रोमन लोकांकडून हाच शब्द उचलला, त्याचं जुन्या इंग्लिशमध्ये 'मील' झालं आणि पुढे इंग्लिशचे सगळेच लांब स्वर बदलले तेव्हा त्याचा उच्चार 'माईल' झाला. जर्मन 'माइले', इटालियन 'मिल्यो', स्पॅनिश 'मिल्या', पोर्तुगीज 'मिल्य', अरबी 'मील', सगळी एकाच घरातली भावंडं. मराठीतला मैल मात्र इंग्रजांबरोबर आला, त्याच्या उच्चारावरूनच कळतं.

म्हणजे मिलिमीटर आणि मैल यांचं नातं आहे?

हो, सख्खं. दोन्हीत तोच 'मिल्ले' म्हणजे हजार आहे, फक्त एकात हजार पट आहे आणि दुसऱ्यात हजारावा भाग. मिलियन, मिलेनियम हेपण त्यातलेच.

हजार पावलं चाललो तर माझं पाऊण किलोमीटरच होतं, मग मैल दीड किलोमीटरचा कसा?

हा प्रश्न फार छान आहे आणि बहुतेक ठिकाणी याचं उत्तर अर्धवट दिलेलं असतं. रोमन 'पास्सूस' म्हणजे आपलं एक पाऊल नाही, तर डावा पाय उचलला तिथून तोच डावा पाय परत टेकला तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे आपली दोन पावलं. हा एक पास्सूस ५ रोमन फुटांचा. रोमन फूट आजच्या फुटापेक्षा जरासा लहान, साधारण २९.६ सेंटिमीटर. म्हणजे मैल ५००० रोमन फुटांचा, आजच्या हिशोबात १४८० मीटरच्या आसपास. फोनमधलं स्टेप काउंटर २००० पावलं दाखवेल तेव्हा तुम्ही जवळपास एक रोमन मैल चाललेले असता, उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे.

आणि रोमन लोक खरंच पावलं मोजत बसायचे असं नाही. विट्रुवियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन लिहून ठेवलंय, चाकाचा एक फेरा साडेबारा फुटांचा, म्हणजे ४०० फेऱ्यांत बरोबर ५००० फूट, आणि दर ४०० फेऱ्यांनी दातेरी चाकांच्या मदतीने एक खडा खालच्या भांड्यात पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजा, तेवढे मैल झाले. दोन हजार वर्षांपूर्वी ही कल्पना!

मग ५००० वर का नाही थांबले? ५२८० हा आकडा कुणी काढला?

याच्यात खरी मजा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या मोजपद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. एक रोमन लोकांची राहिलेली मैलाची, रस्त्याची. दुसरी शेतकऱ्यांची, जमिनीची. जमिनीच्या पद्धतीत मुख्य माप फर्लांग, आणि फर्लांग म्हणजे शब्दशः नांगराच्या तासाची, म्हणजे नांगराने पडणाऱ्या सरीची लांबी. बैलांनी एका दमात जेवढं लांब तास ओढायचं आणि मग वळायचं, तेवढं अंतर. ते ठरलं ६६० फूट. एका फर्लांगात ४० रॉड, एक रॉड साडेसोळा फुटांचा. फर्लांगभर लांब आणि ४ रॉड रुंद असा जमिनीचा पट्टा म्हणजे एक एकर. सगळी खरेदीखतं, सगळे सारे, सगळी वारसाची भांडणं याच मापात.

आता रोमन लोक एका मैलात ८ स्टेडियम धरायचे, स्टेडियम हे तेव्हाचं ग्रीक वळणाचं अंतराचं माप. इंग्लिश लेखक लॅटिन वाचताना स्टेडियमच्या जागी आपला ओळखीचा फर्लांग लिहायला लागले, त्यामुळे मैल म्हणजे ८ फर्लांग हे डोक्यात पक्कं बसलं. पण ८ गुणिले ६६० केलं की येतात ५२८०, ५००० नाही. दोन्हीतलं एक काहीतरी बदलायला पाहिजे होतं. फर्लांग लहान केला असता तर एकर बदलला असता आणि देशातल्या प्रत्येक जमिनीचा कागद चुकीचा ठरला असता, कोण हात लावणार त्याला. मैलावर कुणाची मालकी नव्हती, कुणाचा सातबारा मैलात नव्हता, म्हणून मैल ताणला.

हे कायद्यात आलं १५९३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात. आणि तो कायदा मापांचा नव्हताच, तो होता लंडनमध्ये होणाऱ्या दाटीवाटीच्या बांधकामाला आळा घालायचा. शहराच्या वेशीपासून ३ मैलांच्या आत नवीन घरं बांधायची नाहीत असं ठरवलं, मग लगेच प्रश्न आला की ३ मैल म्हणजे नक्की कुठपर्यंत, म्हणून तिथेच लिहून टाकलं की मैल म्हणजे ८ फर्लांग, फर्लांग म्हणजे ४० रॉड आणि रॉड साडेसोळा फुटांचा. तेव्हापासून ५२८०. मला हा आकडा कधीच वेडावाकडा वाटत नाही, त्यात नाव रोमन सैन्याचं आहे आणि लांबी इंग्लिश शेतकऱ्याची आहे.

याचा आपल्या एकर गुंठ्याशी काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्लिश गणितज्ञाने जमीन मोजायची ६६ फुटांची साखळी आणली, तिला १०० कड्या. १० साखळ्यांचा एक फर्लांग, ८० साखळ्यांचा एक मैल, आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. दशमान हिशोब आणि जुनं जमिनीचं माप दोन्ही एकाच साखळीत बसवलं म्हणून ती जगभर गेली. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली जायची आणि तिचे भाग पाडले होते १६, म्हणून भागाला म्हणायचे आणा. ही ३३ फुटांची साखळी चारी बाजूंना लावली की होतो एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर आपण आजही पाठ म्हणतो.

आता गंमत करून बघा, ५२८० ला ३३ ने भागा, बरोबर १६० येतात, काही उरत नाही. म्हणजे एकाला एक लागून १६० गुंठे एका रांगेत मांडले की मैल होतो. आणि एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. सातबारावर आता हेक्टर आर आलं तरी गावात व्यवहार एकर गुंठ्यातच बोलला जातो, त्यामुळे मैल रस्त्यावरून गेला तरी शेतात अजून आहे असं म्हणायला हरकत नाही.

मैल सगळ्या देशांत सारखाच होता का?

अजिबात नाही. आयर्लंडचा मैल २२४० यार्डांचा, म्हणजे इंग्लिश मैलापेक्षा चांगलाच लांब. स्कॉटलंडचाही वेगळा आणि इंग्लिश मैलाहून मोठा, एडिंबरातला 'रॉयल माईल' हा प्रसिद्ध रस्ता साधारण तेवढा म्हणजे एक स्कॉटिश मैल भरतो. जर्मन मैल सात साडेसात किलोमीटरचा. स्वीडनचा जुना मैल तर साडेदहा किलोमीटरच्याही वर होता आणि मेट्रिक आल्यावर त्यांनी शब्द न टाकता मैल सरळ १० किलोमीटरचा करून टाकला. म्हणून स्वीडनमध्ये किंवा नॉर्वेत राहणाऱ्या मित्राने 'गाव तीन मैलांवर आहे' म्हटलं तर चालत निघू नका, ते ३० किलोमीटर आहे.

कोलंबसचं गणितही याच्यावरच बिघडलं. नवव्या शतकातल्या अल फरघानी या खगोलशास्त्रज्ञाने अक्षांशाचा एक अंश ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा असं लिहिलं होतं, ते अरबी मैल होते. कोलंबसने ते छोटे इटालियन मैल धरले, त्यामुळे त्याच्या हिशोबात अख्खी पृथ्वी सुमारे एक चतुर्थांशाने लहान झाली. त्यात आशिया आहे त्यापेक्षा जास्त पूर्वेकडे पसरलाय असंही त्याने धरलं आणि भारत जवळच आहे समजून तो पश्चिमेला निघाला.

मग आजचा एकच मैल कधी ठरला?

१९५९ मध्ये. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून यार्ड बरोबर ०.९१४४ मीटरचा ठरवला, त्यातून मैल आपोआप १६०९.३४४ मीटरचा झाला. म्हणजे मैलाची व्याख्या आता मीटरवरूनच होते. अमेरिकेत जमीन मोजणीसाठी जुना सर्व्हे फूट मात्र चालू राहिला, त्यावरचा मैल सुमारे ३ मिलिमीटरने मोठा. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटेल पण नकाशाचे आकडे लाखो फुटांत असतात तिथे तो फरक वाढत जाऊन फुटाफुटांचा होतो. शेवटी २०२२ संपताना तो सर्व्हे फूट अधिकृतपणे बंद केला.

नॉटिकल मैल वेगळा का?

कारण तो पावलांवरून किंवा शेतावरून आलेला नाही, पृथ्वीवरून आलाय. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक मिनिट, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर त्या एका मिनिटाची लांबी म्हणजे एक नॉटिकल मैल किंवा सागरी मैल. खलाशाला याचा फायदा काय, तर नकाशाच्या कडेला अक्षांश छापलेलेच असतात, कर्कटकात (डिव्हायडरमध्ये) अंतर पकडायचं आणि कडेच्या पट्टीवर ठेवून वाचायचं, वेगळी स्केल लागतच नाही. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे हे मिनिट विषुववृत्तावर १८४३ मीटरच्या जवळ येतं आणि ध्रुवांपाशी १८६२ च्या जवळ, त्यामुळे भांडणं व्हायची. १९२९ मध्ये मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सरळ १८५२ मीटर ठरवलं. अमेरिकेने ते १९५४ मध्ये मान्य केलं, ब्रिटनने त्याच्याही नंतर.

कोकणातल्या मासेमारीच्या बातम्यांत १२ नॉटिकल मैल हा आकडा सारखा येतो तो हाच. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, तिथपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, आणि मासेमारीचे नियम तिथपर्यंत राज्याचे. २०० नॉटिकल मैल म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत भारताचं अनन्य आर्थिक क्षेत्र, १९७६ च्या कायद्याने. बातमीत नुसतं '१२ मैल' लिहितात तेव्हा वाचणारा १९ किलोमीटर धरतो, तीन किलोमीटरचा फरक पडतो, आणि ज्याची बोट त्या पट्ट्यात पकडली जाते त्याच्यासाठी तो फरक फार मोठा आहे. पत्रकारांनी तरी 'नॉटिकल' हा शब्द गाळू नये.

नॉट म्हणजे काय?

तासाला एक नॉटिकल मैल. पूर्वी जहाजाच्या मागे लाकडी फळी बांधलेली दोरी सोडायचे, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, आणि वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपेपर्यंत जेवढ्या गाठी हातातून गेल्या तेवढा वेग. २८ सेकंदांच्या घड्याळाला गाठी ४७ फूट ३ इंचांवर असायच्या, गुणून बघा, बरोबर जुळतं. विमानांचाही वेग यातच सांगतात. 'ताशी १० नॉट' म्हणू नका, ताशी त्यातच आलंय.

मैलाचा दगड हा शब्दप्रयोग कुठला?

दगड रोमन. रस्त्याच्या कडेला दर मैलाला खांब उभा करायचा, त्यावर अंतर आणि बादशहाचं नाव कोरायचं ही त्यांची पद्धत, असे हजारो दगड आजही युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशियात सापडलेत. रोममध्ये ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व २० मध्ये सोनेरी मुलाम्याचा मुख्य खांब उभा केला होता.

आपल्याकडे मुंबईत इंग्रजांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात असे दगड बसवले, शून्य धरलं फोर्टातलं सेंट थॉमस चर्च, आणि मैलांचे आकडे रोमन अंकांत. ज्या चर्चवरून चर्चगेट नाव पडलं तेच हे चर्च. रस्ते उंच होत गेले तसे बरेच दगड फुटपाथात गाडले गेले, काही हरवले, काही पालिकेने वर काढून नीट जपलेत. दादर परळकडे फिरताना दिसला तर थांबून बघा, खरंच बघण्यासारखा आहे. आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली ते अंतरही तेव्हा २१ मैल असंच लिहिलं गेलं.

आता हायवेवरच्या दगडांवर किलोमीटर असतात, राष्ट्रीय महामार्गाला पिवळा माथा, राज्य महामार्गाला हिरवा, पण म्हणतो आपण मैलाचा दगडच. जागांची नावंही तशीच राहिलीत. नाशिकहून ओझरकडे जाताना 'दहावा मैल' आहे, नागपुरात अमरावती रोडला 'आठवा मैल' आहे, रिक्षावाला, बसचा कंडक्टर सगळे तेच म्हणतात. कुणी कागदावर नाव दिलं म्हणून नाही, दगड तिथे होता म्हणून नाव पडलं.

नागपूरचा झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू ना?

असं सगळे सांगतात, शाळेतही सांगतात, पण त्या दगडाचं काम वेगळं होतं. तो खांब १९०७ मधला, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करण्यासाठीचा मुख्य संदर्भबिंदू. शेजारी घोड्यांचे चार पुतळे आहेत आणि षटकोनी खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशी गावं आणि त्यांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. आजच्या भारताच्या नकाशाचा मध्य काढायचा तर तो इथे येत नाही. पण म्हणून त्याचं महत्त्व एका पैशाने कमी होत नाही, अख्ख्या देशाची उंची मोजणारी रेषा जिथून जाते असा बिंदू आपल्या शहरात आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे. मेट्रो स्टेशनलाही नाव 'झिरो माईल फ्रीडम पार्क' दिलंय ते चांगलंच केलं.

कोस आणि मैल एकच का?

नाही. कोस जुना, संस्कृत 'क्रोश'वरून, प्रदेशाप्रमाणे बदलायचा. आपल्याकडे ढोबळमानाने २ मैल धरतात.

'एक्स्ट्रा माईल' जाणे हे कुठून आलं?

बायबलमधून, मत्तयच्या पाचव्या अध्यायातून. रोमन सैनिकाला वाटेतल्या कुणालाही वेठीला धरून ओझं वाहायला लावता यायचं. येशू सांगतो, तुला एक मैल चालायला भाग पाडलं तर तू त्याच्याबरोबर दोन मैल जा. म्हणजे मूळ प्रसंग जुलमाचा आहे, आणि आज ऑफिसातले मॅनेजर जादा काम करून घ्यायला हेच वाक्य म्हणतात तेव्हा तो वेठबिगारीचा संदर्भ माहीत असलेला बरा.

'इंच दिला तर मैल घेतो' मध्ये आधी मैल नव्हताच, 'एल' नावाचं कापड मोजायचं माप होतं. १५४६ मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात एलच आहे. ते माप लोक विसरले तसा मैल घुसला. आपल्याकडे बोट दिलं की हात धरतो, तोच प्रकार.

धावण्याच्या शर्यतीत मैल अजून आहे?

आहे, आणि मैल हे एकमेव मेट्रिक नसलेलं अंतर आहे ज्याचा ट्रॅकवरचा जागतिक विक्रम आजही मानला जातो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर ९ मीटर. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला, चार मिनिटांच्या आत येणारा पहिला माणूस. पुरुषांचा विक्रम मोरोक्कोच्या हिशाम अल गेरूजचा, ३ मिनिटं ४३.१३ सेकंद, रोम, १९९९. म्हणजे जिथे हा शब्द जन्मला त्याच शहरात. महिलांमध्ये केनियाच्या फेथ किपयेगॉनने २०२३ मध्ये ४ मिनिटं ७.६४ सेकंद केले.

गाडीचं मायलेज आपण किलोमीटरमध्ये सांगतो, मग शब्द चुकीचा नाही का?

शब्द आता सुटा झालाय, चुकीचा नाही. आधी मायलेज म्हणजे दर मैलामागे मिळणारा प्रवासभत्ता होता, गाड्या आल्यावर अर्थ बदलला. आपल्याकडे तर 'ॲव्हरेज किती देते' असंच विचारतात. पण परदेशातले रिव्ह्यू बघून तुलना करणार असाल तर एक लक्षात ठेवा, अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटनचा ४.५४६ चा. गॅलनला ४० मैल म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने लिटरला १७ किलोमीटर, ब्रिटनच्या हिशोबाने जेमतेम १४. कुठला गॅलन ते न बघता आकडा वाचू नका.

भारताने मैल सोडला मग अमेरिका, ब्रिटन का सोडत नाहीत?

आपल्याकडे १९५६ मध्ये कायदा झाला, पाठोपाठ नवे पैसे आले, किलो मीटर लिटर आले, आणि ते सक्तीने आले म्हणून बसले. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला पण तो ऐच्छिक ठेवला, आणि लाखो पाट्या बदलायचा खर्च कोण करणार यावर गाडी अडली. ब्रिटनने दुकानातली मापं बदलली, रस्ते तसेच ठेवले. आयर्लंडने मात्र २००५ च्या जानेवारीत वेगमर्यादेच्या सगळ्या पाट्या ठरलेल्या दिवशी किलोमीटरच्या केल्या, म्हणजे मनात आणलं तर होतं.

मैलाचे किलोमीटर तोंडी कसे करायचे?

८ ने गुणा आणि ५ ने भागा. ५० मैल म्हणजे ८०. किंवा फिबोनाचीचे आकडे (प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोनांची बेरीज) पाठ असतील तर अजून सोपं, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, मैलाचा आकडा शोधायचा आणि त्याच्या पुढचा वाचायचा, ५५ मैलांचे ८९ किलोमीटर, खरे ८८.५. लागोपाठच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.६१८ च्या आसपास असतं आणि मैलाचं १.६०९, म्हणून जुळतं. अमेरिकेत ६५ ची पाटी दिसली तर ५५ आणि १० सुटे करा, ८९ आणि १६, एकशे पाच. नॉटिकल मैलाला हे चालणार नाही, तिथे दुप्पट करून थोडं कमी करा.